वाइन चाखायची म्हणजे नेमकं काय करायचं?

वाइनच्या बाटलीमागे वर्णन छापलेलं असतं: पिकलेली चेरी, व्हॅनिला, चामडं, ओल्या दगडाचा गंध. नवखा माणूस ते वाचतो, एक घोट घेतो आणि त्याला त्यातलं काहीच सापडत नाही. विचारलं तर तो म्हणतो, "आंबट लागली, आणि तोंड कोरडं पडलं." मग आपल्याला यातलं काही कळत नाही असं ठरवून तो विषय सोडून देतो. खरं तर त्याने दिलेलं उत्तर उत्तम आहे. एकाच घोटात त्याने आम्लता आणि टॅनिन (तोंड कोरडं, तुरट करणारा घटक) या वाइनच्या दोन मुख्य गोष्टी पकडल्या. शिकायला सुरुवात करायची ती इथूनच. आधी तोंडाला काय जाणवतं ते बघायचं, मग नाकाला काय जाणवतं ते, आणि चेरी-चामड्याचे शब्द सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हाच क्रम उलटा करतात आणि अडतात.

जीभ मोजक्याच चवी ओळखते: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम किंवा मटणाच्या रश्श्यासारखी चव). जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट आणि मागे कडू कळतं असा एक नकाशा बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. तो चुकीचा आहे. जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनेत थोडासा फरक असतो, एवढंच डेव्हिड हेनिग या जर्मन संशोधकाने 1901 साली मांडलं होतं. पुढे 1942 मध्ये एडविन बोरिंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने त्याच आकड्यांचा आलेख अशा रीतीने काढला, की तो किरकोळ फरक म्हणजे जिभेची वाटणीच आहे असा समज पसरला. प्रत्यक्षात चव ओळखणाऱ्या पेशी जिथे आहेत तिथे सगळ्याच चवी कळतात. त्यामुळे घोट जिभेच्या अमुक भागावर सोडायची काही गरज नाही. तो तोंडभर फिरू द्या, हिरड्यांना आणि गालांच्या आतल्या बाजूलाही लागू द्या.

आम्लता, गोडवा, टॅनिन, अल्कोहोल

पहिल्यांदा आम्लता शोधा, कारण वाइनचा कणा तीच असते. द्राक्षात मुख्यतः टार्टारिक आणि मॅलिक ही दोन आम्लं असतात. बहुतेक वाइनचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त), 3 ते 4 च्या दरम्यान असतो. पीएचच्या मापात 4 वरून 3 वर आलं की हायड्रोजन आयनांचं प्रमाण दहापट होतं, त्यामुळे हा पट्टा दिसतो तेवढा अरुंद नाही. आम्लता ओळखायची खूण म्हणजे लाळ. घोट तोंडाबाहेर टाकल्यावर किंवा गिळल्यावर तोंड जरासं उघडं ठेवा, मान किंचित खाली करा आणि थांबा. लाळ किती जोरात सुटते आणि किती वेळ सुटत राहते ते बघा. "आंबट लागतेय का?" असं स्वतःला विचारण्यापेक्षा ही खूण जास्त भरवशाची आहे, कारण वाइनमध्ये साखर असेल तर आंबटपणा तिच्याआड दडतो, पण लाळ सुटायची राहत नाही.

आम्लता कुठून येते हे कळलं की एका घोटातून वाइनच्या मुलखाचाही अंदाज बांधता येतो. द्राक्ष पिकताना त्यातलं मॅलिक आम्ल वेल स्वतःच्या श्वसनासाठी वापरतो, आणि उष्ण हवेत हे जास्त वेगाने होतं. म्हणून थंड प्रदेशातली वाइन सहसा चुरचुरीत लागते आणि उष्ण प्रदेशातली मऊ. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या उत्तर टोकाला असलेल्या शाब्लीमधली शार्डने आणि एखाद्या उबदार प्रदेशातली शार्डने शेजारी ठेवली, तर द्राक्ष एकच असूनही हा फरक पहिल्या घोटातच जाणवतो. शिवाय वाइन करणाऱ्याच्या हातातही एक उपाय असतो. जिवाणूंच्या मदतीने मॅलिक आम्लाचं त्यापेक्षा सौम्य अशा लॅक्टिक आम्लात रूपांतर करता येतं. रेड वाइनमध्ये हे जवळजवळ नेहमीच होतं, व्हाइट वाइनमध्ये करणारा ठरवतो. या क्रियेत डायअसेटिल नावाचा पदार्थही तयार होतो. काही शार्डनेमध्ये लोण्यासारखा वास येतो तो त्याचाच.

गोडव्याच्या बाबतीत नवख्यांची हमखास गल्लत होते. 'ड्राय' म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेलीच नाही अशी वाइन. युरोपच्या नियमांत ही मर्यादा साधारणपणे लिटरमागे 4 ग्रॅम इतकी आहे. तरीही पुष्कळ ड्राय वाइन पहिल्यांदा पिणाऱ्याला गोड वाटतात. त्या वाइनला पिकलेल्या फळाचा वास असतो, आणि पिकलं फळ म्हणजे गोड हे मेंदूने आयुष्यभर शिकलेलं असतं. खात्री करून घ्यायची तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. गोडवा तसाच राहिला तर साखर खरोखरच आहे. नाक बंद करताच तो नाहीसा झाला, तर तो वासाचा होता.

टॅनिन ही तशी चव नाहीच, तो स्पर्श आहे. द्राक्षाची साल, बिया आणि देठ यांच्यातून ते येतं, थोडं ओकच्या पिंपातून येतं. लाळेतली प्रथिनं तोंड बुळबुळीत ठेवतात. टॅनिन त्या प्रथिनांना चिकटतं आणि त्यांच्या गुठळ्या करतं. मग जीभ टाळूवर सहज सरकत नाही, घासते. तुरट वाटतं ते यामुळे. रेड वाइनमध्ये टॅनिन जास्त असतं, कारण तिचा रस सालींसकट आंबवतात; व्हाइट वाइनसाठी रस आधीच गाळून घेतलेला असतो. रेड वाइनचा रंगही सालीतलाच असतो, बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर मुळात फिकाच असतो. पण रंगावरून टॅनिनचा अंदाज बांधू नका. इटलीतल्या बारोलोचं नेबिओलो द्राक्ष घ्या: त्याची वाइन ग्लासात फिकट, विटकरी दिसते आणि तोंडात मात्र दातांना, हिरड्यांना घट्ट धरते. टॅनिनचं प्रमाण बघून झालं की त्याचा पोतही बघा. काही टॅनिन खरखरीत असतं, काही मखमली, काही बारीक पिठीसारखं.

अल्कोहोल घशात ऊब बनून कळतं. साध्या वाइनमध्ये ते बहुधा 11 ते 15 टक्के असतं. मिरचीच्या तिखटाने मज्जातंतूंवरचा जो ग्राही (संवेदना टिपणारा रेणू) जागा होतो त्यालाच अल्कोहोल चाळवतं, म्हणून ती ऊब वाटते. घोट संपल्यावर छातीपर्यंत गरम गेलं तर प्रमाण चढं आहे असं समजा. वाइनला वजन येतं तेही बऱ्याच अंशी अल्कोहोलमुळे. जाणकार त्याला बॉडी म्हणतात: घोट तोंडात पाण्यासारखा पातळ वाटतो की साईच्या दुधासारखा भरीव, एवढाच तो प्रश्न.

हे सगळं वाइनशिवायही शिकता येतं, आणि बाटली उघडण्याआधी ते करावं असा माझा आग्रह आहे. एका ग्लासात पाण्यात लिंबाचा रस घ्या, दुसऱ्यात साखरेचं पाणी, तिसऱ्यात बराच वेळ मुरवून गार केलेला कोरा चहा. तिन्ही वेगवेगळे चाखा. मग लिंबाच्या पाण्यात थोडी थोडी साखर घालत जा आणि प्रत्येक वेळी एक घोट घ्या. आम्ल तेवढंच आहे, पण आंबटपणा मागे हटत जाईल. दर वेळी लाळेकडेही लक्ष ठेवा. त्यानंतर चहात लिंबू पिळा. तुरटपणा जास्त बोचेल. वेगळ्या कपातल्या चहात दूध घाला. तो एकदम मवाळ होईल, कारण आता टॅनिनला चिकटायला दुधातली प्रथिनं मिळाली. अर्ध्या तासाचा हा प्रयोग. जाणकार ज्याला समतोल म्हणतात ती गोष्ट त्यातून आपोआप समजते. फ्रान्समधल्या बोर्दोच्या सोटर्न भागातल्या गोड वाइनमध्ये लिटरला 100 ग्रॅमहून जास्त साखर असते, तरी चांगली सोटर्न चिकट किंवा ओशट लागत नाही. तेवढंच जोरकस आम्ल समोरून रस्सीखेच करत असतं.

आता नाक

चेरी, व्हॅनिला, मिरी, चामडं हे सगळं जिभेला कळतच नाही. ते नाकाचं काम. नाकाकडे जायला वास दोन वाटा घेतो. एक समोरून, ग्लास हुंगताना. दुसरी तोंडातून, घशाच्या मागच्या बाजूने वर. घोट तोंडात असताना आणि तो संपल्यावर श्वास नाकावाटे सोडला की ही मागची वाट उघडते. सर्दीत जेवण बेचव लागतं ते ती बंद झाल्यामुळे. चाखणारे लोक घोटावरून फुर्रकन हवा आत ओढतात. ते दिसायला विचित्र दिसतं, पण हेतू साधा असतो: वाइन तोंडात पसरते, गंधाचे रेणू मोकळे होतात आणि मागून नाकात पोहोचतात.

माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राही असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 साली या ग्राहींची जनुकं शोधून काढली, त्याबद्दल त्यांना 2004 चं नोबेल पारितोषिक मिळालं. प्रत्येकाच्या नाकातला संच थोडा वेगळा असतो, आणि वाइन चाखताना हे लक्षात ठेवणं फार महत्त्वाचं आहे. सिरा किंवा शिराझ या द्राक्षाच्या वाइनमध्ये काळ्या मिरीचा वास येतो तो रोटंडोन या रेणूमुळे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये ते दाखवून दिलं. हाच रेणू खुद्द काळ्या मिरीतही असतो. त्याच अभ्यासात असंही आढळलं, की चाचणीला बसलेल्या सुमारे 20 टक्के लोकांना रोटंडोनचा वास, प्रमाण बरंच वाढवूनही, येतच नव्हता. तेव्हा शेजारच्याला मिरी सापडली आणि तुम्हाला नाही सापडली, तर दोघेही खरं बोलत असाल.

वर्णनातल्या फळाफुलांना असा रासायनिक आधार असतो, ती निव्वळ कविकल्पना नसते. सोव्हिन्यों ब्लाँ आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांत पायरॅझिन गटातले रेणू असतात, हिरव्या ढोबळी मिरचीतही तेच असतात. मस्कट द्राक्षाच्या वाइनला फुलांसारखा वास येतो त्यात लिनलूल या रेणूचा वाटा असतो. रीझलिंग द्राक्षाच्या जुन्या वाइनला केरोसिनसारखा वास येतो तो टीडीएन या रेणूचा. व्हॅनिलाचा वास ओकच्या पिंपातून उतरतो, कारण ओकच्या लाकडात व्हॅनिलिन असतं. यावरून आणखी एक सोय होते. कुठलाही वास आला की तो द्राक्षातला, आंबवण्यातला की पिंपातला आणि मुरण्यातला, एवढं स्वतःला विचारायचं. फळ, फूल, पालेभाजी बहुधा पहिल्या गटात. लोणी, ब्रेड, यीस्ट दुसऱ्यात. व्हॅनिला, धूर, सुकामेवा, चामडं तिसऱ्यात. या तीन खणांत वास टाकता आला की सुरुवातीला पुष्कळ झालं.

शब्द सुचत नाहीत ही तक्रार सगळ्यांची असते, आणि तिच्यावर काम आधीच झालेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत शिकवणाऱ्या ॲन नोबल यांनी 1984 मध्ये वाइनच्या गंधांचं एक चक्र तयार केलं. मधल्या कड्यात ढोबळ गट, बाहेर जाल तसे नेमके वास: फळ, मग लिंबूवर्गीय फळ, मग ग्रेपफ्रूट. त्यात 'रुबाबदार' किंवा 'खानदानी' असले शब्द नाहीत, कारण त्यांचा वास कोणालाच घेता येत नाही. नवख्याने तसंच करावं. मधून बाहेर जावं. फळ आहे का? असल्यास लाल की काळं? ताजं की शिजवलेलं? आणि बाहेरच्या कड्यापर्यंत पोहोचता आलं नाही तर खुशाल आतच थांबावं. "लाल फळ, ताजं" ही प्रामाणिक नोंद उसन्या "रानस्ट्रॉबेरी"पेक्षा मोलाची आहे. बाकी शब्दसंग्रह वाढवायचा एकच मार्ग मला माहीत आहे: रोजच्या आयुष्यात मुद्दाम वास घेणं. फळ कापताना, मसाल्याचा डबा उघडताना, पावसानंतर. नाव मनात म्हणत हुंगलं की ते वासाला चिकटून राहतं.

हुंगताना एक पथ्य पाळा. नाक लवकर थकतं आणि त्याच वासाला रुळतं. ग्लास गोल फिरवून एक-दोन छोटे श्वास घ्या आणि बाजूला व्हा. काही सेकंदांनी परत या. पहिल्या श्वासात जे सुचलं ते बहुधा सगळ्यात खरं असतं.

डोळे फसवतात

रंग बघायचा तो पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून. व्हाइट वाइन वयाबरोबर गडद सोनेरी होत जाते, रेड वाइन फिकट होत विटकरीकडे झुकते. एवढं पाहून पुढे जा. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या थेंबांवरून वाइनचा दर्जा सांगणारे लोक भेटतील. जेम्स थॉमसन या भौतिकशास्त्रज्ञाने 1855 सालीच त्या थेंबांचं कारण सांगून ठेवलंय: ग्लासच्या कडेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल आधी उडून जातं, तिथला पृष्ठताण वाढतो आणि द्रव वर खेचला जाऊन ओघळतो. त्यातून अल्कोहोलचा थोडाफार अंदाज येतो. दर्जाचा मुळीच नाही.

रंगाचा खरा प्रश्न असा, की तो नाकाला आधीच उत्तर सांगून ठेवतो. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाइन वास नसलेल्या रंगाने लाल करून दिली होती. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विद्यार्थ्यांनी त्या व्हाइट वाइनसाठी रेड वाइनचे शब्द वापरले. ते शिकणारे होते, बेपर्वा नव्हते. किमतीचंही तसंच. 2008 सालच्या एका अभ्यासात लोकांना एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून दिली. महाग म्हणून दिलेली त्यांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या चित्रणात सुखद अनुभवाशी जोडलेला भागही जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे ते दिखावा करत नव्हते, त्यांना खरोखरच ती जास्त चांगली लागत होती. लेबल झाकून चाखणं एवढ्याचसाठी आवश्यक. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने भरवलेल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता गुण दिले, आणि रेड आणि व्हाइट दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. बाटल्या समोर असत्या तर हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

एक नाही, दोन ग्लास

माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हा, की शिकायचं असेल तेव्हा एकच वाइन कधीही चाखू नका. एकट्या वाइनला "आम्लता मध्यम" म्हणायचं तर मध्यम कशाच्या तुलनेत? दोन ग्लास शेजारी ठेवले की उत्तर लगेच मिळतं. जोड्या अशा निवडा, की एकच गोष्ट ठळकपणे वेगळी असेल. टॅनिनसाठी पातळ सालीचं पिनो न्वार आणि जाड सालीचं काबर्ने सोव्हिन्यों. ओकसाठी पिंपात ठेवलेली आणि न ठेवलेली शार्डने. गोडव्यासाठी जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली किंचित गोड रीझलिंग आणि ड्राय रीझलिंग. सुवासाच्या तऱ्हेसाठी सोव्हिन्यों ब्लाँ आणि शार्डने.

दोन ग्लास सोपे वाटायला लागले की तीन घ्या. दुसऱ्या कोणाला तरी दोन ग्लासांत एक वाइन आणि तिसऱ्यात दुसरी ओतायला सांगा, तुम्ही न बघता. तुमचं काम वेगळा ग्लास शोधायचं. चवीच्या प्रयोगशाळांत ही पद्धत रोज वापरतात. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणून एकदा जमल्यावर जमलं असं धरू नका, जागा बदलून पुन्हा करा. मास्टर ऑफ वाइन या अवघड परीक्षेत उमेदवारांपुढे 12-12 वाइनचे तीन संच लेबलाविना ठेवलेले असतात. तिथेही करायचं हेच असतं, फक्त खूप वर्षांच्या सरावाने.

यासाठी खास काही लागत नाही. तोंडाशी निमुळता होणारा, पातळ काचेचा, बिनरंगी ग्लास पुरे. चाखण्याच्या ग्लासचं एक आंतरराष्ट्रीय मापही 1977 मध्ये ठरलेलं आहे: साधारण 215 मिलिलिटरचा ग्लास आणि त्यात फक्त 50 मिलिलिटर वाइन, म्हणजे फिरवायला आणि वास साठायला जागा राहते. दोन्ही ग्लास सारखेच हवेत. तापमानही सारखं हवं. फार थंड वाइनचा वास मिटतो आणि तुरटपणा टोचतो. फार गरम झाली की अल्कोहोल पुढे येतं. व्हाइट वाइनला साधारण 8 ते 12 अंश सेल्सियस, रेडला 15 ते 18 अंश ठीक असतं. उग्र अत्तर लावून चाखायला बसू नका, आणि दात घासल्यावर लगेच नको.

आणि थुंका. समोर एक भांडं ठेवा. व्यावसायिक लोक दिवसभरात डझनावारी वाइन चाखतात ते सगळं थुंकून, तरी थोडं अल्कोहोल शरीरात जातंच. तीन-चार घोट पोटात गेल्यावर बारीक फरक कळेनासे होतात. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. चाखायला शिकण्यासाठी गिळावं लागत नाही, हे या विद्येचं मला फार मोठं वैशिष्ट्य वाटतं.

दोष ओळखणंही लवकर शिका, नाहीतर बिघडलेल्या बाटलीवरून अख्ख्या द्राक्षाबद्दल मत बनतं. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा तळघराचा वास आला आणि फळाचा वास गायब असला, तर तो बहुधा टीसीए या रेणूचा प्रताप. बुरशीमुळे तो बुचात तयार होतो आणि लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी वाइन मारून टाकतो. तब्येतीला त्याचा अपाय नसतो, पण अशी बाटली परत करण्यात संकोच करायचं कारण नाही. व्हिनेगरचा वास म्हणजे जिवाणूंनी अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करायला घेतलंय. कापून ठेवलेल्या, तपकिरी पडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागलीय. स्पेनच्या शेरीचे काही प्रकार मात्र तसा वास मुद्दामच आणतात. हा शेवटचा दोष ओळखायची सवय अगदी सहज लागते. उघडलेल्या बाटलीत थोडी वाइन उरली की बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी चाखा, तिसऱ्या दिवशी चाखा, आणि आधीच्या दिवसाची नोंद शेजारी ठेवून काय कमी झालं आणि काय नवं आलं ते लिहा.